फॅनीबाईंची प्रतिष्ठापना

एका लाकडी बाईच्या उघड्या पार्श्वभागाचं चुंबन माणसाने आयुष्यात किती वेळा घ्यावं, याबद्दल कुठे काही मर्यादा घालून दिली आहे की नाही, मला ठाऊक नाही. माझा आकडा गेल्या वर्षीपर्यंत सात होता. मी चाळीस वर्षं विमा कंपनीत काढली, कचऱ्याचा डबासुद्धा कधी टाय लावल्याशिवाय फाटकाबाहेर ठेवला नाही, आणि विकनबरीच्या ग्रंथालयात माझ्या नावावर उशिरा परत केलेलं एकही पुस्तक नाही. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना तुम्ही माझ्याबद्दल भलतंसलतं मत करून घेणार नाही.

आमच्या विकनबरीचं फ्रान्समधल्या व्हाल्मुरेल या गावाशी सख्य आहे. गावाच्या वेशीवर तशी पाटी आहे. त्याच पाटीखाली 'वाहने हळू चालवा' अशी दुसरी पाटी आहे आणि हे सख्य गेली तीस वर्षं साधारण त्याच वेगाने चाललं आहे. एका वर्षी आम्ही त्यांच्याकडे जातो, दुसऱ्या वर्षी ते आमच्याकडे येतात. मधल्या काळात फ्रेंच संस्कृती जिवंत ठेवायची जबाबदारी आमच्या सख्य मंडळावर असते. ती आम्ही महिन्याच्या पहिल्या गुरुवारी स्मारक सभागृहात पार पाडतो. म्हणजे डोक्यावर चपट्या टोप्या चढवतो, कांद्याचं सूप पितो आणि बाह्यवळण रस्त्याला विरोध कसा करायचा यावर चर्चा करतो. फ्रेंच राष्ट्रगीताची पहिली ओळ सगळ्यांना येते. पुढचं आम्ही फार भावनेने गुणगुणतो. फ्रेंच भाषा मंडळात एकट्या अध्यक्षीण डॅफ्नी अटरबरी यांना येते, असं डॅफ्नीबाईंचं मत आहे.

आता त्या लाकडी बाईंकडे येतो. व्हाल्मुरेलच्या चौकात पुरुषमंडळी लोखंडी गोळ्यांचा खेळ खेळतात. एक लहानशी लाकडी गोटी पुढे टाकायची आणि आपले गोळे तिच्या जास्तीत जास्त जवळ नेऊन टाकायचे. आपल्या गोट्यांचाच प्रकार, फक्त पोट सुटलेल्या माणसांनी खेळायचा. तेरा गुणांचा डाव. आणि जो तेरा विरुद्ध शून्याने हरेल, त्याने चौकातल्या कॅफेच्या भिंतीवर टांगलेल्या फॅनीबाईंपुढे गुडघे टेकायचे. फॅनीबाई म्हणजे लाकडात कोरलेली, रंगवलेली, घागरा वर धरून पाठमोरी उभी असलेली एक सुदृढ बाई. जिथे ओठ टेकवायचे ते मी वर सांगितलंच आहे. मग शेजारची पितळी घंटा वाजते, सगळा चौक टाळ्या पिटतो आणि हरलेल्याच्या नावाने पेले भरले जातात.

आमच्या मंडळींना यातलं काही माहीत नसायचं, कारण त्या दुपारी सगळ्यांना बसमध्ये घालून साबणाचा कारखाना दाखवायला नेत. मला बस लागते. म्हणून मी मागे राहायचो आणि माझा यजमान आन्सेल्म, हा निवृत्त पोस्टमन, माझी करमणूक करायचा. सात खेपा, सात डाव, सात वेळा तेरा-शून्य. संध्याकाळी बायको मॉरीन विचारायची, "काय केलंस दिवसभर?" मी म्हणायचो, "बसलो होतो सावलीत." यात खोटं काही नव्हतं. कॅफेची ती भिंत खरोखरच सावलीत होती.

चूक माझीच. नाताळच्या शुभेच्छापत्रात आन्सेल्मला काय लिहावं हे सुचेना, म्हणून मी लिहिलं, की आमच्या सभागृहापुढे नगरपालिकेने नवीन खडी टाकली आहे आणि जुलैत तुम्ही याल तेव्हा तिथे डाव टाकता येईल. इंग्रज माणूस शुभेच्छापत्रात असं बरंच काही लिहितो, त्यातलं काही घडावं अशी त्याची अपेक्षा नसते. फ्रेंच माणसाला हे कुणी समजावून सांगितलेलं नसतं.

एप्रिलमध्ये मला जकातवाल्यांचा फोन आला. मंडळाचा वाहतूक चिटणीस मी, त्यामुळे खोक्यावर माझा नंबर.

"तुमचं फ्रान्सहून पार्सल आलंय," पलीकडून एक बाई म्हणाली. "कागदावर लिहिलंय, 'लाकडी स्त्री, मागील बाजू.' पुढची बाजू वेगळ्या पार्सलनं येणारे का?"

"नाही," मी म्हणालो. "एवढीच आहे."

"नक्की? कारण अर्धा माल आला असेल तर मला तो सोडता येत नाही. दोन्ही भाग एकदम सोडावे लागतात."

"बाई, तिला पुढची बाजू नाहीच आहे."

थोडा वेळ पलीकडे टंकलेखनाचा आवाज येत राहिला. "वापर काय लिहू? शेतीचा, धार्मिक की शोभेचा?"

चौदा वर्षांत हा प्रश्न मला कुणी थेट विचारला नव्हता. "शोभेचा," मी म्हणालो. माझ्या अधोगतीची सुरुवात या एका शब्दाने झाली.

पुढच्या गुरुवारी समितीसमोर खोकं उघडलं. भुशातून फॅनीबाई वर आल्या, घंटेसकट. चहाचे पेले हवेत थांबले. आमच्याकडे अशा प्रसंगी कुणी ओरडत नाही. खजिनदाराने चष्मा काढून पुसला आणि पुन्हा न घालता खिशात ठेवला. एका बाईंनी, बिस्किटं फारच छान आहेत, असं सांगितलं.

सोबत आन्सेल्मचं तीन पानी पत्र होतं. डॅफ्नीबाईंनी ते हातभर लांब धरून पहिल्या दोन ओळी घशातून काढल्या आणि पुढची पानं झरझर उलटली. "थोडक्यात सांगायचं तर, तीस वर्षं झाल्याबद्दल ही भेट आहे. शुभेच्छा, प्रेम, वगैरे वगैरे. आणि शेवटी मंडळासाठी एक ओळ आहे, 'हिचं काय करायचं ते रॉडनीला ठाऊक आहे.'"

अकरा माना माझ्याकडे वळल्या. त्यात माझ्या बायकोची एक होती.

त्याच वेळी खरं सांगून मोकळा झालो असतो, तर दोन मिनिटं हशा झाला असता आणि आम्ही बाह्यवळण रस्त्याकडे वळलो असतो. पण विकनबरीत माणूस मेला तरी चालतो, अवघडलेला दिसता कामा नये. मी म्हणालो, "ही लोककला आहे."

"वाटलंच मला!" डॅफ्नीबाई म्हणाल्या. त्या उठून फॅनीबाईंभोवती एक चक्कर मारून आल्या, म्हणजे निम्मी, कारण मागे फळी होती. "बघा ना. ती भविष्याकडे बघतेय. म्हणून आपल्याकडे पाठ आहे."

"आणि घागरा का वर धरलाय?" खजिनदारांनी खिशातला चष्मा चाचपत विचारलं.

"भविष्यात चिखल असतो, बर्नार्ड," डॅफ्नीबाई म्हणाल्या. तसा ठराव इतिवृत्तात नोंदला गेला. फ्रेंच राष्ट्रीय दिनी, म्हणजे चौदा जुलैला, पाहुण्यांच्या उपस्थितीत नगराध्यक्षांच्या हस्ते अनावरण करायचं ठरलं. रॉडनीला सगळं ठाऊक असल्यामुळे सगळं रॉडनीने करायचं ठरलं.

नगरपालिकेची परवानगी येईपर्यंत फॅनीबाई आमच्या जेवणाच्या खोलीत राहिल्या. मॉरीनने त्यांच्यावर कपबश्या पुसायचं फडकं टाकलं. ते सारखं घसरायचं. मग तिने टाचण्या लावल्या. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "रॉडनी, तू या बाईपासून नजर चुकवतोस."

"सभ्य माणूस चुकवणारच."

"नाही. ओळखीच्या माणसाला टाळताना चुकवतात तशी चुकवतोस."

एकोणचाळीस वर्षांचा संसार झाला की बायकोपुढे गप्प राहणं हाच एक मार्ग उरतो. मी बागेत गेलो. तिथे कुंपणाआड शेजारी लेनर्ड उभाच होता. लेनर्डला जगातल्या प्रत्येक वस्तूवर एक उपाय ठाऊक आहे आणि तो उपाय म्हणजे वार्निश. "खिडकीतून बघितलं," तो म्हणाला. "बाई चांगली आहे, पण रंग गेलाय रे. नेमका एकाच जागी. तिथे दोन हात वार्निश मार. जुलैपर्यंत चकाकेल."

"नको."

"मी मारतो. माझ्याकडे डबा उघडलेलाच आहे."

त्या डब्यापासून बाईंना वाचवण्यासाठी मी म्हणालो, की तज्ज्ञाला दाखवल्याशिवाय हात लावता येणार नाही. हे मी सहज बोललो. पण नगरपालिकेच्या अर्जात 'तज्ज्ञाचा अभिप्राय जोडावा' असा रकाना होताच. शिवाय वस्तूला टोकदार कडा आहेत काय, ती अंगावर पडल्यास किती माणसं दगावतील आणि तिच्यामुळे कुणाच्या भावना दुखावतील काय, असे आणखी तीन रकाने होते. मी लिहिलं: नाहीत, एक, माझ्या.

तज्ज्ञ बाई जिल्ह्याच्या वस्तुसंग्रहालयातून आल्या. नाव प्रुनेला गॅस्कॉइन, गळ्यात भिंग, पायात रबरी बूट. त्यांनी टाचण्या काढल्या, फडकं दूर केलं आणि मजबूत अर्धा तास त्या गुडघ्यांवर बसून राहिल्या. मी त्याच मुद्रेत सात वेळा बसलेलो असल्यामुळे मला ते बघवेना.

"विलक्षण आहे," अखेर त्या म्हणाल्या. "इथली झीज बघा. बाकी सगळा रंग शाबूत, आणि या दोन ठिकाणी लाकूड उघडं पडलंय. हाताच्या स्पर्शानं अशी झीज होत नाही." त्यांनी भिंगातून माझ्याकडे बघितलं. "हे ओठ आहेत, मिस्टर प्लम."

"काय सांगता?" मी म्हणालो. माझे ओठ कोरडे पडले होते.

"पिढ्यान् पिढ्या लोकांनी हिच्यापुढे गुडघे टेकलेत. ही शोभेची वस्तू नाही. ही पूजेची मूर्ती आहे. शेजारी घंटासुद्धा आहे! एखादी स्थानिक संत असणार. जगाकडे पाठ फिरवलेली. संसाराचा त्याग."

"आणि घागरा?"

"नदी ओलांडत असेल," प्रुनेलाबाई म्हणाल्या आणि त्यांनी सही केली.

एकदा तज्ज्ञाची सही झाल्यावर आमच्या गावात कुणी स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवत नाही. डॅफ्नीबाईंनी त्याच आठवड्यात पत्रक छापायला घेतलं. पाद्रीबुवा ह्यू यांना आशीर्वाद द्यायला बोलावलं. ते जरा चाचरले. "आमच्या पंथात संतांना मान आहे," ते म्हणाले, "पण दुरून." तरी त्यांनी नदी ओलांडणाऱ्या अनामिक स्त्रीसाठी चार ओळींची प्रार्थना रचलीच. मूर्ती पूजनीय ठरल्यामुळे नगरपालिकेने काचेची पेटी सक्तीची केली. भाविकांनी हात लावू नये म्हणून पेटीला कुलूप आलं, आणि किल्ली डॅफ्नीबाईंच्या गळ्यात.

मी खरं सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. मे महिन्यात एका सकाळी मनाचा हिय्या करून डॅफ्नीबाईंच्या घरी गेलो. "डॅफ्नीबाई, त्या संतबाईंबद्दल थोडं बोलायचं होतं."

"बरं झालं आलात. हे बघा." त्यांनी पत्रकाचा कच्चा छाप माझ्या हातात दिला. त्यावर फॅनीबाईंचा फोटो होता आणि खाली लिहिलं होतं, 'या मूर्तीचं मोल प्रथम ओळखणारे कलाभ्यासक श्री. रॉडनी प्लम.' चाळीस वर्षांत विमा कंपनीने माझं नाव एकदाच छापलं होतं, तेही आग लागल्यास कुणाला कळवावे या यादीत. मी पत्रक वाचलं, पुन्हा वाचलं आणि म्हणालो, "'अभ्यासक'मधला 'भ्या' जरा पुसट आलाय." एवढं बोलून परत आलो. मला माझी लाज वाटली, पण ती पत्रक घडी करून खिशात ठेवल्यावर.

पाहुणे यायच्या आदल्या सकाळी बसच्या वेळा तपासायला मी डॅफ्नीबाईंकडून मंडळाची फाइल आणली. तिच्यात आन्सेल्मचं पत्र होतं. शब्दकोश घेऊन बसलो. पहिल्या दोन ओळींत शुभेच्छा होत्या हे खरं. पुढच्या पानांत नव्हत्या.

आन्सेल्मने लिहिलं होतं, की चौकातला कॅफे विकला गेला. नवीन मालकाला तिथे मोबाइलचं दुकान काढायचं आहे. गोळे खेळणारे आम्ही पूर्वी चाळीस होतो, आता तिघे उरलो, त्यातल्या एकाला दिसत नाही. फॅनी सत्तर वर्षं त्या भिंतीवर होती. तिला माळ्यावर टाकायला मन होईना. माझा मुलगा म्हणाला, विकून टाका, जुन्या वस्तूंना गिऱ्हाईक असतं. मी म्हणालो, तिला गिऱ्हाईक नको, हरणारी माणसं हवीत. मग मला तू आठवलास. तुझ्याइतक्या निष्ठेने तिच्याकडे कुणी आलेलं नाही, रॉडनी. सात वेळा, एकदाही कुरकुर न करता. तुमच्याकडे आता खडी आहे. तिला एकटी पडू देऊ नकोस.

मी शब्दकोश मिटला. बाहेर लेनर्ड कुंपणाला वार्निश लावत होता. आन्सेल्म एक्क्याऐंशी वर्षांचा. त्याने आपल्या गावातली शेवटची गंमत भुशात गुंडाळून माझ्या भरवशावर समुद्रापार पाठवली होती, आणि मी तिला संत करून कुलपात घातलं होतं. मला फार वाईट वाटलं. त्याहून वाईट म्हणजे उपाय एकच होता आणि तो मला ठाऊक होता.

चौदा जुलैला ऊन पडलं. आमच्याकडे हे इतक्या क्वचित घडतं, की तंबू उभारणाऱ्यांचा गोंधळ उडाला. सभागृहाच्या कमानीला निळ्या-पांढऱ्या-लाल पताका, आत डॅफ्नीबाईंनी आखलेला मिनिटामिनिटाचा कार्यक्रम, आणि दाराशी फ्रेंच ध्वजाखाली झाकलेली काचेची पेटी. गावातली दीडशे माणसं आली होती. त्यातली निम्मी केकसाठी आली होती.

बसमधून नऊ फ्रेंच पाहुणे उतरले. शेवटी काठी टेकत आन्सेल्म. हातात गोळ्यांची जुनी चामडी पिशवी. त्याने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले. माझं फ्रेंच आणि त्याचं इंग्रजी सारखंच मोडकं असल्यामुळे आमचं फार चांगलं जमतं.

नगराध्यक्षा पेटुला ग्रोव्ह यांनी गळ्यातली पदाची साखळी सावरत ध्वज ओढला. पाद्रीबुवांनी प्रार्थना म्हटली. डॅफ्नीबाईंनी फ्रेंचमधून भाषण केलं आणि फ्रेंच पाहुण्यांनी भाषांतराची वाट बघितली. मी फक्त आन्सेल्मकडे बघत होतो. आधी तो हसणार असं वाटलं. मग त्याने पेटीवरचं कुलूप बघितलं, पुढ्यातला फुलांचा गुच्छ बघितला, पाद्रीबुवांचा उंचावलेला हात बघितला, आणि त्याचं हसू ओठांवरच राहिलं.

"तिला काचेत का ठेवलंय?" त्याने मला हळूच विचारलं. "आजारी आहे का?"

"विमा," मी म्हणालो. दुसरं काही सुचलं नाही.

त्याने पत्रकावरचं माझं नाव वाचलं. फोटो बघितला. मान डोलावली. सगळं त्याच्या लक्षात आलं असावं, कारण त्यानंतर त्याने काहीच विचारलं नाही. चाळीस वर्षं घरोघरी पत्रं टाकलेल्या माणसाला कुठल्या घरात काय बोलू नये हे कळतं.

डॅफ्नीबाईंच्या कागदावर तीन वाजून दहा मिनिटं ते तीन वाजून चाळीस मिनिटं 'ग्रामीण फ्रेंच क्रीडा' असं होतं. सभागृहापुढच्या खडीवर मी आणि आन्सेल्म उभे राहिलो. लोक केकच्या बशा घेऊन भोवती जमले. टाळ्या कधी वाजवायच्या हे कुणाला ठाऊक नसल्यामुळे ते प्रत्येक गोळ्याला वाजवत होते.

म्हाताऱ्याचा हात कापत होता. तरी सात-शून्य झालं, दहा-शून्य झालं, बारा-शून्य झालं. लेनर्ड गर्दीतून ओरडला, "रॉडनी, खडी पुढे उतारावर आहे. डावीकडून टाक!" मी आयुष्यात प्रथमच त्याचा सल्ला ऐकला. गोळा डावीकडून घरंगळत गेला आणि त्या लाकडी गोटीला चिकटून थांबला. अगदी चिकटून. चौदा वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मॉरीनने बशी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. माझा पहिला गुण समोर पडला होता. एक गुण मिळाला की फॅनीबाई नाहीत.

आन्सेल्मकडे शेवटचा गोळा होता. तो माझ्याजवळ आला.

"तुझी माणसं बघतायत," तो म्हणाला. "तू इथे मोठा माणूस झालायस. हा मी चुकवतो. माझा हात कापतो, कुणाला कळणारसुद्धा नाही."

मी खोटं बोलणार नाही, माझ्या मनात आलं, चुकव बाबा. पत्रक खिशात होतं. डॅफ्नीबाई घड्याळ बघत होत्या. दहा मिनिटांत चहा झाला असता, पाहुणे बसमध्ये बसले असते, आणि फॅनीबाई जन्मभर काचेत नदी ओलांडत राहिल्या असत्या. तिथे त्यांना कुणी विचारलं नसतं.

"आन्सेल्म," मी म्हणालो, "नीट टाक."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग काठी माझ्या हातात दिली, गुडघ्यात वाकला आणि गोळा उंच उडवला. तो वरून आला तो थेट माझ्या गोळ्याच्या डोक्यावर. माझा गोळा उडून पाद्रीबुवांच्या बुटाला लागला. आन्सेल्मचा तिथेच गोटीशेजारी बसला. तेरा-शून्य.

विकनबरीने टाळ्या वाजवल्या आणि लोक चहाकडे वळले. फ्रेंच पाहुणे मात्र हलले नाहीत. ते नऊच्या नऊ माझ्याकडे बघत उभे राहिले.

मी टाय सरळ केला आणि डॅफ्नीबाईंपुढे गेलो. "किल्ली द्या."

"कशाला? कार्यक्रमात नाही."

"संतबाईंची भेट घ्यायची आहे."

"काचेतून घ्या ना!"

"डॅफ्नीबाई, हिचं काय करायचं ते रॉडनीला ठाऊक आहे, असं तुम्हीच वाचून दाखवलं होतं."

त्यांनी किल्ली दिली, ती बहुधा माझ्या आवाजाला घाबरून. असा आवाज मी पूर्वी कधी काढला नव्हता. कुलूप उघडलं, गुच्छ बाजूला ठेवला. गुडघे टेकताना ते दोन्ही वाजले आणि तेवढ्या शांततेत ते सगळ्यांना ऐकू गेले. मग मी, चाळीस वर्षं विमा कंपनीत काढलेला माणूस, माझ्या बायकोसमोर, नगराध्यक्षांसमोर आणि पाद्रीबुवांसमोर जे करायचं ते केलं. पूर्ण केलं, टाळाटाळ न करता. आणि हात वर करून घंटा वाजवली.

मी तसाच गुडघ्यांवर होतो, मागे वळायची हिंमत नव्हती. आता हशा पिकेल, किंवा पोलीस येतील, किंवा मॉरीन माहेरी जाईल, यातलं काय आधी होतं याची वाट बघत होतो. तेवढ्यात मागून साखळीची किणकिण ऐकू आली.

"तुमचं झालं असेल तर..." नगराध्यक्षाबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "मी थांबू का?"

वळून बघितलं, तर माझ्यामागे रांग लागली होती. नगराध्यक्षा, त्यांच्यामागे खजिनदार, त्याच्यामागे प्रुनेला गॅस्कॉइन, डोळे पुसत. आमच्या लोकांना कशाचा अर्थ कळला नाही की ते रांग लावतात, आणि एकदा रांगेत उभं राहिलं की ती सोडणं त्यांना असभ्य वाटतं. नगराध्यक्षांनी साखळी मागे सारून गुडघे टेकले. घंटा वाजली. खजिनदारांनी चष्मा काढला. घंटा वाजली. डॅफ्नीबाई भानावर आल्या आणि लगेच कामाला लागल्या. "डावीकडून या, उजवीकडून बाहेर पडा. एकेकानेच. केकच्या बशा रांगेत आणू नका!"

रांग सभागृहाच्या फाटकातून बाहेर गेली. रस्त्याने जाणारी माणसंही तिला येऊन मिळू लागली. लेनर्ड पुढच्याला विचारत होता, "कसली रे ही रांग?"

"काय की. पण सरकतेय पटपट."

पाद्रीबुवांची पाळी आली तेव्हा ते आपल्या पंथाला जागले. त्यांनी दुरूनच हवेत एक चुंबन सोडलं आणि घंटा मात्र सगळ्यांत जोरात वाजवली.

मॉरीन माझ्याशेजारी येऊन उभी राहिली. "सफाईदार होतं," ती म्हणाली. "सरावाचं वाटलं."

"आठवी वेळ," मी म्हणालो.

"आणि मी त्या साबणाच्या कारखान्यात सातदा गेले!" असं म्हणून ती ओठ पुसायला माझ्या खिशातला रुमाल ओढून घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

आठ फ्रेंच पाहुणे एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून हसत होते. नववा घडीच्या खुर्चीवर बसून रडत होता. मी त्याची काठी घेऊन त्याच्याकडे गेलो. घंटा वाजतच होती. आन्सेल्मने हाताच्या पालथ्या बाजूने डोळे पुसले आणि पोस्ट ऑफिसच्या कोपऱ्यापर्यंत गेलेल्या त्या रांगेकडे बोट केलं.

"हे सगळे तेरा-शून्याने हरले?"

"सगळे," मी म्हणालो. "आमच्याकडे कुणालाच खेळता येत नाही."

"मग बरं," आन्सेल्म म्हणाला. "इथे तिला करमेल."